बटणाला पासवर्ड लावताना

नागोठण्यासारख्या गावात कापडाचा धंदा म्हटला की उधारी आलीच. लग्नाचा बस्ता, शाळेचे गणवेश, ईद आणि गणपतीची खरेदी यांतली बरीच रक्कम वहीत चढते आणि पगार झाल्यावर, भात विकल्यावर किंवा आखातातून मुलाचे पैसे आल्यावर थोडी थोडी उतरते. पूर्वी हे सारे रोजकीर्द आणि खतावणीत असे. व्हॅटच्या काळात साधे कापड करमुक्त असल्याने लहान कापडवाल्याचे वहीवर भागत होते. १ जुलै २०१७ पासून जीएसटीत कापडावर ५ टक्के कर आला आणि विवरणपत्रासाठी प्रत्येक बिलाचा आकडा वेगळा काढणे भाग पडले. त्यानंतर लहान लहान दुकानांतही कॉम्प्युटर आला आणि त्यावर एक्सेलची एक फाइल आली. ही फाइल सहसा कोणा कंपनीने बनवलेली नसते. एमएस-सीआयटी केलेला एखादा भाचा किंवा शेजारचा मुलगा ती बनवून देतो, तीत चार बटणे बसवतो आणि नोकरीसाठी पनवेलला किंवा पुण्याला निघून जातो. बटणे मात्र दुकानातच राहतात.

‘बिल छापा’, ‘जमा करा’, ‘मजुरी चुकती’, ‘महिना बंद’ अशी ही बटणे असतात. बटणामागे मॅक्रो असतो. मॅक्रो म्हणजे कॉम्प्युटरने एकामागून एक करायच्या कामांची लिहून ठेवलेली यादी. कटिंग मास्तर जसा एकदा माप लिहून देतो आणि कारागीर त्याबरहुकूम पन्नास नग कापतो, तसेच हे. ही यादी ज्या भाषेत लिहितात ती व्हीबीए नावाची भाषा एक्सेलमध्ये १९९३ साली, पाचव्या आवृत्तीत आली आणि आजही तीच चालते.

आता यातली गोम अशी की बटण कोणी दाबले हे मॅक्रो विचारत नाही. मालकाने दाबले काय, गुमास्त्याने दाबले काय आणि गल्ल्यावर खेळणाऱ्या नातवाने दाबले काय, काम तेच होते. दुसरी गोष्ट अधिक वाईट आहे आणि ती पुष्कळांना ठाऊक नसते. हाताने चूक झाली तर कंट्रोल आणि झेड दाबून मागे जाता येते. मॅक्रोने शीटवर केलेला बदल असा मागे घेता येत नाही. मॅक्रो चालला की त्याआधीची मागे जाण्याची वाटही पुसली जाते.

आमच्या बाजारातल्या एका रेडिमेडच्या दुकानात रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत नेमके हेच घडले. गिऱ्हाइकांची गर्दी, काउंटरवर नवा मुलगा. ‘बिल छापा’ ऐवजी त्याच्या हातून शेजारचे ‘महिना बंद’ दाबले गेले. त्या मॅक्रोने प्रत्येक खात्याची बाकी पुढे ओढली आणि महिन्याच्या जमा-नावेच्या ओळी साफ केल्या. फाइल लगेच सेव्हही झाली. मालकांनी बिलबुकाच्या कार्बन प्रतींवरून तीन रात्री बसून नोंदी पुन्हा चढवल्या, पण जमेच्या सगळ्या पावत्या फाडलेल्या नव्हत्या. दोन गिऱ्हाइके म्हणाली आम्ही पैसे दिले, फाइलीत त्याचा मागमूस नाही. संशय अर्थातच मुलावर आला. त्याच्या बापाने येऊन पदरचे पैसे भरले आणि मुलाला घेऊन गेला. पैसे त्या मुलाने घेतले होते की नव्हते, हे आजतागायत कोणालाच सांगता येत नाही. बटणाला साधा पासवर्ड असता तर ती रात्र आलीच नसती. पण निव्वळ पासवर्डने त्या मुलाचा खरेखोटेपणा ठरला असता का? या प्रश्नाकडे पुढे येतो. आधी पासवर्ड कसा लावायचा ते पाहू.

पासवर्ड लावण्याची रीत

सर्वप्रथम फाइलीची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवावी आणि प्रयोग दुसऱ्या प्रतीवर करावा. फाइल ‘सेव्ह ॲज’ मध्ये ‘मॅक्रो-एनेबल्ड वर्कबुक’ याच प्रकारात असली पाहिजे. साध्या एक्सेल फाइलीच्या प्रकारात सेव्ह केली तर मॅक्रो गळून जातात आणि बटणे नुसती शोभेची राहतात.

बटणावर उंदराचे उजवे बटण दाबून ‘असाइन मॅक्रो’ निवडावे. त्या बटणाला जोडलेल्या मॅक्रोचे नाव दिसेल. तिथेच ‘एडिट’ दाबले की लिहिलेल्या मजकुराची खिडकी उघडते. मजकूर ‘सब’ या शब्दाने सुरू होतो आणि ‘एंड सब’ ला संपतो. ‘सब’ च्या ओळीखाली लगेच सहा ओळी घालायच्या आहेत. येथे त्या देवनागरीत छापल्या आहेत. कॉम्प्युटरवर इंग्रजी अक्षरांत टाइप कराव्यात आणि ‘इनपुटबॉक्स’, ‘एमएसजीबॉक्स’ हे शब्द जोडून लिहावेत :

डिम पी ॲज स्ट्रिंग
पी = इनपुटबॉक्स("पासवर्ड टाका")
इफ पी <> "तुमचा पासवर्ड" देन
एमएसजीबॉक्स "पासवर्ड चुकला"
एक्झिट सब
एंड इफ

अर्थ सरळ आहे. पहिली ओळ ‘पी’ नावाची एक डबी तयार करते. दुसरी ओळ पडद्यावर चौकट आणते आणि माणूस जे टाइप करील ते डबीत ठेवते. तिसरी ओळ विचारते की डबीतले अक्षर अन् अक्षर आपल्या पासवर्डाशी जुळत नाही काय? जुळत नसेल तर संदेश दाखवून मॅक्रो तिथूनच परत फिरतो, पुढच्या कामाला हात लावत नाही. चौकटीवर कोणी ‘कॅन्सल’ दाबले तर डबी रिकामी राहते, म्हणजे तीही जुळत नाही आणि मॅक्रो परत फिरतो. लहान आणि मोठी इंग्रजी अक्षरे येथे वेगवेगळी धरली जातात, हे ध्यानात असू द्यावे.

या ओळी मॅक्रोच्या आत आहेत, बटणावर नाहीत, ही गोष्ट महत्त्वाची आहे. बटण पुसून टाकले आणि मॅक्रोंच्या यादीतून तोच मॅक्रो चालवला तरी पासवर्ड विचारला जाईल. काही मुले एक वेगळाच ‘पासवर्ड मॅक्रो’ लिहून तो बटणाला जोडतात आणि खरे काम करणारा मॅक्रो यादीत उघडा ठेवतात. आल्ट आणि एफ ८ या दोन कळा दाबल्या की ती यादी समोर येते. म्हणजे पुढचे दार बंद आणि मागचे सताड उघडे.

देवनागरीत संदेश लिहिण्याचा मोह होईल. त्या खिडकीला देवनागरी समजत नाही, अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांची माळ उमटते. तेव्हा मराठी संदेश रोमन अक्षरांत लिहावा. बटणाच्या तोंडावर मात्र कोणतीही लिपी चालते. माझ्या फाइलीत एका बटणावर उर्दूत ‘हिसाब बंद’ असे लिहिले आहे. शाळा उर्दू माध्यमाची, त्यामुळे घाईत डोळा त्या अक्षरांवर लवकर जातो, आणि काउंटरवरची मुले मराठी शाळेत शिकलेली असल्याने त्या बटणाच्या वाटेला जात नाहीत. ही युक्ती कोणा कॉम्प्युटरवाल्याने शिकवलेली नाही.

या साध्या चौकटीत टाइप केलेली अक्षरे जशीच्या तशी दिसतात. काउंटरवर चार माणसे उभी असताना हे बरे नाही. त्यावर उपाय म्हणजे ‘इन्सर्ट’ मधून ‘यूजरफॉर्म’ घ्यावा, त्यावर एक टेक्स्टबॉक्स आणि एक बटण काढावे आणि टेक्स्टबॉक्सच्या गुणधर्मांत ‘पासवर्डकॅर’ समोर एक फुली किंवा तारा टाकावा. मग बँकेच्या मशीनसारखे नुसते तारे दिसतात. हे काम थोडे लांबीचे आहे. जाणकार मुलाकडून अर्ध्या तासात करून घेता येते.

ही कडी आहे, कुलूप नव्हे

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते. आपल्या धंद्यात ताक्याच्या चिठ्ठीवर खरेदी भाव अक्षरांत लिहिण्याची चाल जुनी आहे. दहा वेगवेगळ्या अक्षरांचा एक शब्द घ्यायचा, पहिले अक्षर म्हणजे एक, दुसरे म्हणजे दोन, दहावे म्हणजे शून्य. गिऱ्हाइकासमोर चिठ्ठी वाचली तरी त्याला भाव कळत नाही. पण दुकानात पाच वर्षे राहिलेल्या कोणत्या गुमास्त्याला तो शब्द ठाऊक नसतो? मॅक्रोतला पासवर्ड याच जातीचा आहे. तो मजकुरात उघडा लिहिलेला असतो. आल्ट आणि एफ ११ दाबून कोणीही खिडकी उघडली की वाचता येतो.

यावर दोन गोष्टी कराव्या लागतात. खिडकीतल्या ‘टूल्स’ मध्ये ‘व्हीबीए प्रोजेक्ट प्रॉपर्टीज’ आहे. तिथे ‘प्रोटेक्शन’ मध्ये ‘लॉक प्रोजेक्ट फॉर व्ह्यूइंग’ वर खूण करून निराळा पासवर्ड द्यावा, मग फाइल सेव्ह करून बंद करावी आणि पुन्हा उघडून पाहावी. बंद करून उघडल्याशिवाय ही कडी लागत नाही. दुसरी गोष्ट शीटला संरक्षण देण्याची. ज्या चौकोनांत रोज भरायचे तेवढ्यांचे ‘लॉक्ड’ काढून टाकावे, बाकी शीट ‘प्रोटेक्ट’ करावी. हे केले नाही तर बटणाचा पासवर्ड निरर्थक आहे, कारण ‘महिना बंद’ न दाबताही कोणी ओळी निवडून डिलीट करू शकतो. शीट बंद केल्यावर मॅक्रोलाही तिच्यात लिहिता येत नाही, म्हणून पासवर्ड जुळल्यानंतर शीट उघडण्याची एक ओळ आणि शेवटी पुन्हा बंद करण्याची एक ओळ मॅक्रोत घालावी लागते.

एवढे करूनही समजून असावे की शीटचे संरक्षण आणि प्रोजेक्टची कडी ही दोन्ही जाणकाराला फार वेळ अडवत नाहीत. शीटचे संरक्षण सुरक्षेसाठी नाही, चुकून होणारे बदल टाळण्यासाठी आहे, असे मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगते. खरे कुलूप एकच, ते ‘फाइल’, ‘इन्फो’, ‘प्रोटेक्ट वर्कबुक’ मधल्या ‘एन्क्रिप्ट विथ पासवर्ड’ चे. २००७ पासूनच्या आवृत्त्यांत नव्या प्रकारच्या फाइलीला हे कुलूप एईएस या पद्धतीने लागते आणि चांगला लांब पासवर्ड असेल तर ते सहजी तुटत नाही. मात्र ते साऱ्या फाइलीला लागते, एका बटणाला नाही. म्हणून खरेदी भाव, नफा, घरातल्या वाटण्या असे जे काउंटरवरच्या माणसाने पाहूच नये ते काउंटरच्या फाइलीत लपवून ठेवू नये. त्याची निराळी फाइल करावी आणि तिला हे कुलूप घालावे. काउंटरच्या फाइलीत बटणाचा पासवर्ड पुरतो, कारण तिथे भीती चोराची नसते, घाईची असते.

नाव लिहून ठेवणारा मॅक्रो

त्या रेडिमेडच्या दुकानातल्या मुलाकडे परत येऊ. उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा ही शिकवण आपल्याला नवी नाही. एक पैसा इकडचा तिकडे झाला तर कोणाच्या हातून झाला हे कागदाने सांगावे, म्हणजे माणसावर बोट ठेवण्याची वेळ येत नाही. वहीत हे आपोआप होत होते. अक्षर ओळखू येई, खाडाखोड दिसे. कॉम्प्युटरच्या फाइलीत सगळ्यांचे अक्षर सारखे, आणि पुसलेले पुसले गेल्याचेही कळत नाही. पासवर्ड लावून दुकानात एकच पासवर्ड सगळ्यांना सांगितला तर परिस्थिती फारशी बदलत नाही.

म्हणून प्रत्येकाला वेगळा पासवर्ड द्यावा. मॅक्रोत तिसऱ्या ओळीच्या जागी दोन-तीन पर्याय लिहिता येतात. हा पासवर्ड आला तर नाव अमुक, तो आला तर तमुक, कोणताच नसेल तर परत. मग काम सुरू होण्यापूर्वी मॅक्रोने ‘नोंद’ नावाच्या एका शीटवर पुढच्या रिकाम्या ओळीत तीन गोष्टी लिहाव्यात : तारीख-वेळ, नाव आणि कोणते बटण. चुकलेला पासवर्ड आला तर त्याचीही ओळ लिहावी. ही शीट खिडकीतल्या गुणधर्मांमधून ‘व्हेरी हिडन’ करून ठेवली की नेहमीच्या ‘अनहाइड’ च्या यादीत ती येत नाही. आणि नोंद लिहिल्याबरोबर फाइल सेव्ह करण्याची ओळ मॅक्रोतच घालावी. नाहीतर सेव्ह न करता फाइल बंद केली की नोंदही गेली.

याच ठिकाणी आणखी एक ओळ घालावी असा माझा आग्रह आहे. ‘धिसवर्कबुक’ पुढे टिंब आणि ‘सेव्हकॉपीॲज’. ही ओळ मूळ काम सुरू होण्याआधी साऱ्या फाइलीची प्रत दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकते. प्रतीच्या नावात तारीख आणि वेळ जोडावी, म्हणजे जुनी प्रत पुसली जात नाही. कंट्रोल-झेड जिथे चालत नाही तिथे हीच मागे जाण्याची वाट. ही एक ओळ त्या दुकानात असती तर रात्रीतून हिशेब उभा राहिला असता आणि दोन गिऱ्हाइकांची जमा चढली होती की नव्हती हेही कळले असते. दोन्हींपैकी एकच करायला सवड असेल तर पासवर्ड मागे ठेवून आधी ही ओळ घालावी.

जीएसटी नोंदणी असलेल्यांसाठी यात कायद्याचाही भाग आहे. केंद्रीय जीएसटी नियम, २०१७ मधल्या नियम ५६ च्या आठव्या पोटनियमात म्हटले आहे की हिशेबातली नोंद पुसू नये वा तिच्यावर दुसरी लिहू नये, आणि हिशेब कॉम्प्युटरवर असेल तर बदललेल्या किंवा काढलेल्या प्रत्येक नोंदीची नोंद ठेवावी. शिवाय कलम ३६ प्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळायचा असतो. या नजरेने पाहिले तर ओळी साफ करणारे ‘महिना बंद’ हे बटण मुळातच गैर आहे. त्याने ओळी पुसण्याऐवजी त्या महिन्याच्या नावाच्या शीटवर हलवाव्यात आणि ती शीट बंद करावी. बनवून देणाऱ्या मुलाला याची कल्पना नसते. त्याला क्लासमध्ये ‘डिलीट’ शिकवलेले असते, रोजकीर्द नाही.

पासवर्ड शोभतो तो अशा बटणाला जे क्वचित दाबायचे असते. उदाहरणार्थ कराचा दर बदलण्याचे. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांची ५ टक्क्यांची मर्यादा प्रति नग हजार रुपयांवरून अडीच हजारांवर गेली आणि त्यावरच्या नगाला १२ ऐवजी १८ टक्के लागू झाले. त्या एका चौकोनातला आकडा चुकला तर त्यानंतरचे प्रत्येक बिल चुकते. तसेच उधारी माफ करण्याचे बटण. ‘बिल छापा’ ला पासवर्ड लावू नये. दिवसातून ऐंशी वेळा पासवर्ड टाकायला लावला की मुले तो कॉम्प्युटरच्या कडेला कागदावर लिहून चिकटवतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

शिलाईच्या धंद्यातल्या बांधवांनी ‘मजुरी चुकती’ या बटणाकडे लक्ष द्यावे. नगावर काम करणाऱ्या कारागिराची उचल आणि मजुरी एकाच शीटवर असते. चुकते केल्याची खूण झाली आणि हातात पैसे पडले नाहीत, किंवा पैसे दिले आणि खूण राहिली, की आठ दिवसांनी भांडण ठरलेले. इथे मालकाचा पासवर्ड पुरेसा नाही. चौकट दोनदा यावी, एकदा मालकासाठी आणि एकदा कारागिरासाठी, आणि दोन्ही पासवर्ड जुळले तरच खूण व्हावी. त्याच सहा ओळी खाली पुन्हा लिहायच्या, फक्त डबीचे नाव ‘पी’ ऐवजी ‘क्यू’ ठेवून. कारागिराला चार आकड्यांचा पासवर्ड आठवतो. मोबाइलचा आठवतोच की. कारागीर स्वतःचा पासवर्ड टाकतो तेव्हा त्याला आपला हिशेब पडद्यावर दिसतो, हा यातला दुसरा फायदा.

मोबाइलवरच्या आणि इंटरनेटवरच्या एक्सेलमध्ये हे मॅक्रो चालत नाहीत. तिथे फाइल उघडली तर बटण दाबून काही होणार नाही, पण शीट प्रोटेक्ट केलेली नसेल तर आकडे बदलता येतील. मुंबईहून मुलगा मोबाइलवर फाइल पाहत असेल तर त्याला पाहण्यापुरतीच द्यावी.

व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलने ‘मोफत जीएसटी फाइल’ म्हणून येणाऱ्या मॅक्रोच्या फाइलींना हात लावू नये. १९९९ साली मेलिसा नावाचा विषाणू वर्डच्या अशाच मॅक्रोतून जगभर पसरला होता. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून आपणहून बंद ठेवायला सुरुवात केली. त्यामुळे मुलाने दुरुस्त करून ईमेलने पाठवलेली आपलीच फाइलही सुरू होत नाही. अशी फाइल ओळखीची असेल तरच तिच्या ‘प्रॉपर्टीज’ मध्ये जाऊन ‘अनब्लॉक’ वर खूण करावी.

राहता राहिला पासवर्ड विसरण्याचा प्रश्न. बटणाचा पासवर्ड विसरला तर जाणकार माणूस मजकुरातून तो काढून देईल. एन्क्रिप्ट केलेल्या फाइलीचा विसरला तर मायक्रोसॉफ्टसुद्धा उघडून देत नाही. मालक अचानक गेला आणि उधारीची फाइल कुलपात राहिली तर त्याच्या बायका-मुलांना कोणाकडून किती येणे आहे आणि कोणाचे किती देणे आहे हे सांगणारे कोणी उरत नाही. तेव्हा पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट बंद करून, घरातल्या एका आणि बाहेरच्या एका विश्वासाच्या माणसाकडे ठेवावा. पासवर्ड बदलला की त्याच दिवशी पाकीटही बदलावे. आणि पाकीट असो की पेनड्राइव्ह, आमच्या बाजारात तरी ते दुकानाच्या खालच्या खणात ठेवू नये. जुलै १९८९ च्या पुरात अंबेने काठावरच्या वह्यांचे काय केले ते ज्यांनी उन्हात पाने वाळत घातली त्यांना विचारावे. प्रतींचा पेनड्राइव्ह माळ्यावर किंवा घरी, आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला उधारीच्या बाक्यांचे एक पान छापून खतावणीच्या जुन्या वहीत चिकटवलेले, एवढे तरी असावे.